दुकानात सगळेच टीव्ही छान दिसतात, मग निवडायचा कसा?

वाचकाचं पत्र :

आम्ही धनकवडीला राहतो. घरात मी, हे, मुलगा आणि सासूबाई. ३२ इंची टीव्ही आता बदलायचाय. सोफा टीव्हीच्या भिंतीपासून साडेनऊ फुटांवर आहे. सासूबाईंचा दिवाण मात्र बाजूच्या भिंतीला आहे आणि दिवसभरात सगळ्यात जास्त टीव्ही त्याच बघतात. टीव्हीच्या समोरच पश्चिमेची बाल्कनी. संध्याकाळी मालिका, मॅच असली की मॅच, आणि रात्री दहानंतर मुलगा आणि मी ओटीटीवर सिनेमे बघतो. केबलचा बॉक्स जुनाच आहे. बजेट पन्नास हजारांच्या आसपास. मुलगा म्हणतो, ऑनलाइन ६५ इंची ४८ हजारांत मिळतोय, तोच घेऊ. ह्यांचं म्हणणं, ५५ इंची चालेल पण नावाजलेल्या कंपनीचाच हवा. तो ५२ हजारांना आहे. दोघांच्या वादाला कंटाळून मी एकटीच सातारा रोडवरच्या दोन दुकानांत जाऊन आले, तर मला सगळेच टीव्ही सारखेच छान दिसले. आता काय करू?

– एक वाचक, धनकवडी

ताई, नमस्कार.

सगळे सारखेच छान दिसले यात तुमच्या डोळ्यांचा काही दोष नाही. तसे दिसावेत म्हणूनच ते तिथे मांडलेले असतात. दुकानात चालू असलेली फिल्म आठवून बघा : फुलपाखरं, कापलेली फळं, रंगांचे फवारे, वरून दिसणारं एखादं परदेशी शहर. सगळं संथ, सगळं झगझगीत. त्यात अंधाऱ्या खोलीतला प्रसंग नसतो, साध्या उजेडातला आपल्यासारखा सावळा चेहरा नसतो, धावणारा फलंदाज नसतो आणि केबलवरून आलेलं भुरकट चित्र तर नसतंच. वर टीव्ही 'व्हिव्हिड' म्हणजे रंग भडक करणाऱ्या मोडवर आणि डोक्यावर पांढरेशुभ्र दिवे. साडी घेताना तुम्ही ती दुकानाच्या ट्यूबखाली पसंत करत नाही, दारापाशी नेऊन दिवसाच्या उजेडात बघता. टीव्हीला दारापाशी नेता येत नाही, पण त्याला आपल्या घरातलं चित्र दाखवायला लावता येतं. ते कसं, हे सांगतेच. त्याआधी खोक्यावर काय काय लिहिलेलं असतं ते जरा बघू.

फोर-के हा शब्द विसरून जा. या किमतीत ५० इंचांच्या वरचा जवळजवळ प्रत्येक टीव्ही फोर-के असतो, म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६०, मिळून जवळपास ८३ लाख ठिपके. ५५ इंची पडद्यावर एक ठिपका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा येतो. चांगल्या नजरेच्या माणसालाही तो वेगळा दिसायचा तर पडद्यापासून साडेतीन फुटांवर बसावं लागेल. तुम्ही साडेनऊ फुटांवर बसणार. तिथून फुल एचडीचे ठिपकेसुद्धा सुटे दिसत नाहीत, त्यांची हद्द सात-सव्वासात फुटांवरच संपते. तेव्हा कोणी एट-के वगैरे म्हणालं तर सरळ पुढच्या टीव्हीकडे वळा.

मग पैसे नेमके कशाचे मोजायचे? उजेड आणि अंधार यांचे. एलसीडीचा पडदा स्वतः उजळत नाही. मागे एलईडी दिवे जळत असतात आणि पुढचा पडदा त्यांचा उजेड अडवतो किंवा सोडतो. काळं दाखवायचं म्हणजे उजेड पूर्ण अडवायचा, आणि तो पूर्ण कधीच अडत नाही, थोडा झिरपतो. किती झिरपतो, त्यावर चित्राची निम्मी गुणवत्ता ठरते. पॅनेलचे, म्हणजे या पडद्याचे, दोन मुख्य प्रकार असतात. आयपीएस पॅनेलमध्ये पांढरं हे काळ्याच्या साधारण हजार पट उजळ असतं. व्हीए पॅनेलमध्ये तीन ते पाच हजार पट, कधी त्याहूनही जास्त. दिवे लागलेल्या हॉलमध्ये मालिका बघताना हा फरक फारसा जाणवत नाही. रात्री दहानंतर दिवे घालवून सिनेमा लावलात, की आयपीएसवर नायकाचा काळा कोट, मागची भिंत आणि रात्रीचं आकाश सगळं एकाच राखाडीत मिसळतं.

व्हीएची खोड अशी, की समोर बसलेल्याला तो उत्तम आणि कडेला बसलेल्याला फिका. आयपीएसला बाजूने बघितलं तरी रंग फारसे उतरत नाहीत. म्हणजे तुमच्या घरात रात्रीच्या सिनेमासाठी एक पॅनेल आणि सासूबाईंसाठी दुसरं! तुमचा खरा पेच इथे आहे. ५५ की ६५ हा त्यानंतरचा प्रश्न.

सासूबाईंचं आधी बघू, कारण तासांच्या हिशोबाने टीव्ही त्यांचाच आहे. एक टेप घ्या. टीव्हीच्या मध्यापासून सरळ समोर किती फूट आणि तिथून बाजूला किती फूट, असं दिवाणाचं माप घ्या. बाजूचं माप समोरच्या मापाच्या निम्म्याहून जास्त भरलं, तर व्हीएचे रंग तिथून उतरलेले दिसणार. दिवाण बाजूच्या भिंतीला आहे म्हणजे तुमच्याकडे ते भरणारच. यावर स्वस्त उपाय आहे : वळवता येणारं ब्रॅकेट. दुपारी टीव्ही दिवाणाकडे वळवायचा, रात्री सोफ्याकडे. बुधवारात तपकीर गल्लीत असे ब्रॅकेट डझनांनी टांगलेले असतात. मात्र टीव्हीचं वजन आणि मागच्या चार भोकांमधलं अंतर लिहून न्या. आणि तुमची भिंत विटांची आहे की सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांची), हे आधी सोसायटीत विचारा. ५५ इंची टीव्ही पंधरा किलोच्या आसपास असतो. ब्रॅकेटचा हात बाहेर ओढला की भिंतीतल्या बोल्टवरचा ताण बराच वाढतो, आणि सिपोरेक्सच्या ठोकळ्यात साधा प्लॅस्टिकचा गट्टू तो ताण फार दिवस सोसत नाही. त्यासाठी वेगळे अँकर येतात.

दुसरा उपाय मुलगा सुचवेलच : जुना ३२ इंची आजीच्या खोलीत लावू. एक्स्चेंजमध्ये त्याचे जे किरकोळ पैसे येतील ते बघता कल्पना वाईट नाही. पण सासूबाई हॉलमध्ये टीव्हीसाठी बसतात की येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी, हे त्यांना विचारून मगच ठरवा. ब्रॅकेट नको आणि दिवाणही हलवायचा नाही असं ठरलं, तर मात्र मी बिनदिक्कत आयपीएस घ्या म्हणेन आणि रात्रीच्या सिनेमात थोडं राखाडी सोसा म्हणेन. दुपारपासून रात्रीपर्यंत बघणाऱ्या माणसाने फिकं चित्र बघायचं आणि दोन तास बघणाऱ्यांनी चांगलं, हे मला पटत नाही.

दुकानात पॅनेलचा प्रकार सेल्समनला विचारू नका, त्यालाही बहुतेक माहीत नसतो. चित्र चालू असताना टीव्हीसमोरून चालत चालत कडेला जा. चेहरे पांढुरके पडत गेले तर व्हीए, जवळजवळ तसेच राहिले तर आयपीएस. एवढी परीक्षा पुरते.

आता सेल्समन ज्या शब्दांवर जोर देतो ते. क्यूएलईडी आणि ओएलईडी ही नावं कानाला जुळी वाटतात, पण नातं लांबचं आहे. ओएलईडीचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून त्याचं काळं खरोखर काळं असतं. तो मोठ्या आकारात तुमच्या बजेटबाहेर आहे. क्यूएलईडी म्हणजे तोच एलसीडी, फक्त मागच्या दिव्यांवर क्वांटम डॉट्सचा, म्हणजे अतिसूक्ष्म स्फटिककणांचा, थर घातलेला. हे डॉट्स काही नुसती जाहिरात नव्हे. त्यांच्या शोधासाठी बावेंडी, ब्रूस आणि येकिमोव्ह या तिघांना २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं आहे. रंग त्यामुळे खरंच गडद आणि शुद्ध होतात. पण काळ्या रंगाचं दुखणं त्याने बरं होत नाही. शिवाय मालिका आणि क्रिकेट अजूनही जुन्या, मर्यादित रंगपट्ट्यातच प्रसारित होतात, त्यामुळे क्यूएलईडीचा फायदा मुख्यतः ओटीटीवरच्या एचडीआर सिनेमात, म्हणजे उजेड-अंधाराची पट्टी जास्त मोठी असलेल्या चित्रात, दिसणार. दोन टीव्ही बाकी सगळ्यात सारखे असतील तर क्यूएलईडी घ्या. केवळ त्या अक्षरांसाठी सात-आठ हजार जादा मोजू नका.

जादा मोजायचेच असतील तर 'लोकल डिमिंग'साठी मोजा. यात मागचे दिवे गटागटाने मंद किंवा तेज होतात. चित्राचा जो भाग काळा, त्याच्या मागचा गट विझतो. झिरपणाऱ्या उजेडावर एलसीडीत याच्याइतका चांगला इलाज नाही. मिनी एलईडीमध्ये दिवे बारीक आणि पुष्कळ असतात, म्हणून गट जास्त करता येतात. 'येतात' म्हणते आहे. केले आहेतच, असं नाही. स्वस्त टीव्हीला 'डायरेक्ट एलईडी' म्हणतात, त्यात दिवे पडद्याच्या मागे असतात खरे, पण सगळे एकदमच मंद आणि एकदमच तेज होतात. सेल्समन त्यालाही खुशाल 'फुल ॲरे' (गटागटाने चालणाऱ्या दिव्यांचं नाव) म्हणून जातो. म्हणून एकच प्रश्न विचारायचा : झोन, म्हणजे दिव्यांचे गट, किती? आकडा आला तर तो कंपनीच्या कागदावर दाखवा म्हणायचं. 'मॅडम, तसं काही नसतं' असं उत्तर आलं, तर त्या टीव्हीत झोन नाहीत असं धरून चाला.

एचडीआरचा शिक्काही असाच. एचडीआरचं मानक १०,००० निट्सपर्यंतच्या (निट हे पडद्याचं तेज मोजायचं एकक) तेजाचा विचार करून बनवलं आहे आणि पुष्कळ सिनेमे १००० निट्स धरून तयार होतात. स्वस्त टीव्हीचा पडदा ३०० निट्सच्या आसपास थांबतो. तो एचडीआरचा संदेश स्वीकारतो, चित्र चालू करतो, कोपऱ्यात एचडीआर असं झळकवतोही, पण तेवढा उजेड आणणार कुठून? मग सगळं चित्र खाली ओढून बसवतो आणि तुम्ही म्हणता, सिनेमा इतका काळोखी का दिसतोय? डॉल्बी व्हिजन असेल तर प्रसंगागणिक सूचना मिळत असल्याने स्वस्त टीव्हीची थोडी सोय होते. तेवढ्यापुरती ती पाटी कामाची.

हर्ट्झबद्दल, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याबद्दल, दोनच वाक्यं. पॅनेल खरं ६० हर्ट्झचं आहे की १२० चं एवढंच विचारा, पुढचे 'मोशन' नावाचे फुगवलेले आकडे सोडून द्या. घरात कोणी गेम खेळत नसेल तर ६० मध्ये तुमचं भागेल.

आता पेन ड्राइव्ह, म्हणजे दुकानातल्या टीव्हीला लावून बघायची आपली चित्रं. दुकानात परत जायच्या आधी मुलाला कामाला लावा. त्याच्या फोनवर फोर-केमध्ये दोन छोट्या क्लिप काढायला सांगा. एक दिवसाउजेडी, सासूबाईंची : खिडकीजवळ बसलेल्या, अंगावर ठळक लाल काठाची साडी. दुसरी रात्री, देवघरातली : दिवे बंद, फक्त समई लावलेली, मागे थोडी भिंत आणि देव दिसताहेत अशी. त्याशिवाय दोन चित्रं : पडदाभर सपाट राखाडी रंगाचं एक आणि पूर्ण काळं एक. ती संगणकावर दोन मिनिटांत होतात. जमल्यास मराठी वृत्तवाहिनीचं थोडं रेकॉर्डिंग, ज्यात खाली बातम्यांची पट्टी सरकते आहे.

दुकानात गेल्यावर पहिली विनंती : मोड बदला. व्हिव्हिड काढून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा. सेल्समन कुरकुरेल, कारण चित्र एकदम मवाळ आणि पिवळसर वाटेल. वाटू द्या. मग सासूबाईंची क्लिप लावा. त्यांच्या चेहऱ्याचा रंग तुम्ही वर्षानुवर्षं रोज बघता, तेव्हा टीव्ही खोटं बोलला तर तुम्हाला लगेच कळेल. चेहरा गुलाबी पडलाय का, भाजल्यासारखा तांबूस झालाय का, काठाचा लाल केशरीकडे झुकलाय का, आणि गालावरच्या बारीक सुरकुत्या आहेत तशा दिसताहेत की पावडर लावल्यासारख्या पुसल्या गेल्यात, ते बघा. हे सगळं फलकावरच्या कुठल्याच आकड्यात लिहिलेलं नसतं.

समईच्या क्लिपमध्ये नजर ज्योतीवर नको, तिच्या भोवती ठेवा. भिंतीचा अंधार हळूहळू गडद होत गेला पाहिजे. त्यात नकाशातल्यासारखे पट्टे किंवा चौकोनी डाग पडले तर पॅनेल आणि प्रोसेसर दोन्ही जेमतेम. ज्योतीभोवती पांढुरकं वलय पसरलं तर लोकल डिमिंग आहे पण गट मोठे आहेत, आणि सगळा पडदाच राखाडी राहिला तर डिमिंग नाहीच. थोड्या मुंग्या दिसतील, त्या फोनच्या कॅमेऱ्याच्या, टीव्हीच्या माथी मारू नका. सिनेमा लावायची सोय असेल तर आणखी छान. रुंद सिनेमा ५५ इंचीवर लावला की वर-खाली सुमारे नऊ सेंटिमीटरच्या काळ्या पट्ट्या राहतात. भोवतीचा उजेड अडवायला डोळ्यांच्या कडेला दोन्ही तळहात धरा आणि खालच्या पट्टीकडे बघा. पांढरी सबटायटल उमटली की पट्टीचा तेवढा भाग उजळतो का? सबटायटल गेली की विझतो का? डिमिंग कसं चालतं ते इथे उघड्यावर येतं.

वृत्तवाहिनीची सरकती पट्टी ही हालचालीची परीक्षा. अक्षरं वाचता येणं पुरेसं नाही. अनुस्वार, रफार आणि वेलांटीचं टोक सुटं दिसतंय का ते बघा. ज्या टीव्हीवर 'मंत्री'वरचा टिंब शेपटीसारखा लांबतो, त्यावर चेंडूही तसाच लांबणार. आणि क्रिकेटचं म्हणाल तर कॅमेरा हिरव्या मैदानावरून फिरतो तेव्हा पडद्यातले मळकट डाग आणि उभे पट्टे सगळ्यात जास्त डोळ्यांत येतात. राखाडी चित्र त्यासाठीच घ्यायला सांगितलंय.

शेवटची परीक्षा बंद टीव्हीवर. फोनचा टॉर्च लावून पडद्यात त्याचं प्रतिबिंब बघा. आरशातल्यासारखा रेखीव दिवा दिसला तर संध्याकाळी पाच वाजता टीव्हीत तुमची पश्चिमेची बाल्कनीच दिसत राहील, मालिका नाही. उजेड पसरट, पुसट दिसला तर बरं. तरीही जाड पडदा शिवाच. तीव्र उन्हाशी पन्नास हजारांच्या टीव्हीने झुंजावं ही अपेक्षा जास्त आहे.

आता बाप-लेकांचा वाद. इंचांच्या बाबतीत मुलगा बरोबर आहे. सिनेमासाठी पडद्याने नजरेचा निदान ३० अंशांचा कोन व्यापावा असा जुना ठोकताळा आहे. त्या हिशोबाने ५५ इंची साडेसात फुटांवरून आणि ६५ इंची पावणेनऊ फुटांवरून बघावा. तुमच्या साडेनऊ फुटांना ६५ मुळीच मोठा होणार नाही. पण ४८ हजारांत ६५ इंची मिळतो तेव्हा पैसे काचेच्या आकारातच संपलेले असण्याची शक्यता फार. डिमिंग नाही, तेज कमी, आणि मोठ्या पडद्यावर प्रत्येक दोषही मोठा.

तुमच्या यजमानांचा मुद्दा सेवेपुरता खरा आहे, चित्रापुरता नाही. नावाजलेली कंपनी पॅनेल स्वतः बनवते हा समज आता जुना झाला. सॅमसंगच्या पॅनेल बनवणाऱ्या कंपनीने २०२२ मध्ये एलसीडी बनवणं बंद केलं. एलजी डिस्प्लेने ग्वांगझूचा टीव्ही पॅनेलचा कारखाना टीसीएलच्या कंपनीला विकला, तो व्यवहार २०२५ मध्ये पुरा झाला. बाजारातली बहुतेक एलसीडी पॅनेलं आता चीनमधल्या मोजक्या कारखान्यांतून येतात आणि वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत जातात. नावाजलेल्या कंपनीचा प्रोसेसर, हालचाल सांभाळायची पद्धत आणि रंगांची जुळणी बऱ्याचदा सरस असते हे मान्य. पण त्यांच्या सगळ्यात खालच्या मालिकेत तेही हात आखडता घेतात.

म्हणून माझं मत : दोघांचाही टीव्ही नको. त्याच पैशांत एखाद्या नव्या पण पुण्यात सेवा देणाऱ्या कंपनीचा ५५ इंची, खरं लोकल डिमिंग असलेला व्हीए पॅनेलचा टीव्ही शोधा, आणि ब्रॅकेटचा खर्च त्यात धरा. मागच्या वर्षाचं मॉडेल असलं तरी हरकत नाही, उलट तिथेच भाव उतरतो. तसा मिळालाच नाही तर यजमानांचा ५५ इंची आणि मुलाचा ६५ इंची शेजारी ठेवून समईची क्लिप लावा. दोन्ही सारखेच राखाडी दिसले तर खुशाल ६५ आणा, निदान आकार तरी मिळेल.

सेवा तपासायची ती जाहिरातीवरून नाही. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून आपला पिनकोड सांगा आणि दोन गोष्टी विचारा : माणूस कुठून येतो, आणि वॉरंटी संपल्यावर या मॉडेलचं पॅनेल केवढ्याला पडेल? उत्तर ऐकून दचकू नका, ते बहुतेक नव्या टीव्हीच्या किमतीच्या आसपासच असतं. म्हणूनच पॅनेलची वॉरंटी वाढवून मिळत असेल तर मी घेते. आदळून फुटलेलं पॅनेल मात्र साध्या वॉरंटीत कुठेच बसत नाही.

फार स्वस्त, अनोळखी नावाचा 'अँड्रॉइड' टीव्ही कोणी सुचवला तर त्यावर गूगल टीव्हीची अधिकृत प्रणाली आहे का ते बघा. तशी मान्यता नसलेल्या टीव्हीवर नेटफ्लिक्ससारखी ॲप्स चालतच नाहीत, किंवा चालली तरी जेमतेम एसडी, म्हणजे जुन्या कमी ठिपक्यांच्या दर्जाचं चित्र देतात. टीव्ही दोन-तीन वर्षांनी मंदावला तर त्याचं दुःख नको, मागे एक स्ट्रीमिंग स्टिक लावली की झालं. आवाजाचं म्हणाल तर बहुतेक सपाट टीव्हींचा आवाज खालून येतो आणि संवाद दबतात. सासूबाईंना आवाज वाढवावा लागत असेल तर चार-पाच हजारांचा साउंडबार नंतर घ्या, टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खाचेवर एआरसी लिहिलेलं असेल तिथे जोडा.

भावाबद्दल. ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी ४०,००० च्या टीव्हीवर आधी ११,२०० कर लागायचा, आता ७,२००. हे चार हजार सरकारने सोडले आहेत. दुकानदार ते 'आमची खास सूट' म्हणून मोजत असेल तर हसून मूळ भाव विचारा. खोडलेल्या एमआरपीकडे बघूच नका, तीन ठिकाणचे हातात पडणारे भाव लिहून घ्या. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये व्याजाइतकी सूट देतात, पण क्रेडिट कार्डावर त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बहुधा प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी येते. रोख भाव किती, हे वेगळं विचारा. पाडवा-दसऱ्याला भाव उतरतात, पण गर्दीत पेन ड्राइव्ह लावू देत नाहीत. तेव्हा परीक्षा आठवडाभर आधी उरकून घ्या.

ऑनलाइन घेतलात तर खोकं उघडतानाचं चित्रीकरण करा. मोठ्या टीव्हीला बहुतेक ठिकाणी पैसे परत नसतात, तंत्रज्ञ बघून गेल्यावर बदलून देतात, आणि तेही मोजक्या दिवसांत. म्हणून बसवायला आलेला माणूस घरात असतानाच राखाडी आणि काळं चित्र लावून बघा. मेलेला ठिपका किंवा कोपऱ्यातून फुटणारा उजेड दिसला तर त्याच्या कागदावर लिहून घ्या. बिलावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक हवा, शेवटच्या अक्षरांसकट, कारण त्याच नावाच्या दोन मॉडेलांत पॅनेल वेगळं असू शकतं. कंपनी दाद देईनाशी झाली तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

टीव्ही फार वर टांगू देऊ नका, सोफ्यावर बसल्यावर डोळे पडद्याच्या मध्याला यावेत. मोड सिनेमाचा, शार्पनेस जवळजवळ शून्य, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, सिनेमासाठी मोशनची गुळगुळीत सोयही बंद. उजेड कमी-जास्त करायचा तो 'बॅकलाइट'मधून. बऱ्याच टीव्हींत 'ब्राइटनेस' हलवलं की काळ्या रंगाची पातळी बिघडते. बॅकलाइट कायम शंभरवर ठेवू नका, दिवे तापून लवकर जातात. पहिले दोन दिवस यजमान 'पिवळं दिसतंय' म्हणतील. तिसऱ्या दिवशी व्हिव्हिड लावून दाखवा, तेच निळं निळं म्हणून बंद करायला सांगतील.

आणि हे सगळं करायच्या आधी, आजच, केबलवाल्याला फोन करा. तुमचा जुना बॉक्स एसडी असणार. एसडीचं चित्र फार तर ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, फोर-के पडद्याच्या बरोबर विसावा हिस्सा. म्हणजे नव्या टीव्हीवर मालिका लागेल तेव्हा दर वीस ठिपक्यांपैकी एकोणीस ठिपके टीव्ही अंदाजाने भरणार, आणि ३२ इंचांवर खपून गेलेलं चित्र ५५ वर लोण्यासारखं पसरेल. मग सगळं घर म्हणेल, जुनाच बरा होता. एचडी बॉक्स मागवा, सासूबाईंच्या वाहिन्या एचडीमध्ये आहेत का ते विचारून पॅक बदला, आणि बॉक्सपासून टीव्हीपर्यंत एचडीएमआय वायर घाला. ती जुनी पिवळी-लाल-पांढरी वायर केबलवाल्याच्या माणसालाच परत देऊन टाका, नाहीतर तो सवयीने तीच जोडून जाईल.